वाळल्या गवताच्या काडीवरील सूक्ष्म कवके : ओळख आणि वर्गवारी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे, बारव आणि मानस्तंभ यांच्या योगाने इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे; परंतु त्याच गावाच्या शिवारात, रब्बी ज्वारीची काढणी उरकल्यावर काळ्या जमिनीत उभ्या राहिलेल्या धसकटांवर, बांधावरच्या कुंद्याच्या आणि मारवेलाच्या गतवर्षीच्या काड्यांवर, माळावरच्या कुसळीच्या बुडख्यांशी जी सूक्ष्म कवकांची वस्ती असते, तिच्याकडे पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून कोणी येत नाही. वास्तविक मेलेल्या काडीची माती होण्याचे जे कार्य अहोरात्र चालू असते, त्यात या कवकांचा वाटा फार मोठा आहे. आणि एक साधे भिंग, एक बरा सूक्ष्मदर्शक व पुष्कळसा संयम एवढ्या सामग्रीवर शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा जिज्ञासू शेतकरी यांपैकी कोणासही हा अभ्यास आरंभता येतो. तो कसा आरंभावा, कोणत्या क्रमाने न्यावा आणि मुख्य म्हणजे नाव देण्याची घाई कोठवर आवरावी, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

या विषयात नवखा माणूस हमखास अडतो तो एकाच ठिकाणी. काडीवर काळा ठिपका दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली एक बीजाणू दिसतो, हाताशी असलेल्या पुस्तकात त्याच्यासारखे चित्र सापडते आणि नोंदवहीत दोन शब्दांचे लॅटिन नाव चढते. ते नाव बरोबर असेलही. पण ते कोणत्या पुराव्यावर दिले याचा तपशील मागे राहिलेला नसल्यामुळे पुढच्या माणसास त्याची खातरजमा करता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, गवत कोणते, काडीचा भाग कोणता, कवकाचा बीजाणू धारण करणारा अवयव कसा, बीजाणू कशावर व कसा धरला जातो, आणि त्याचे माप किती, या पाच गोष्टी रुजू झाल्याखेरीज नावाकडे वळूच नये. आणि वळल्यावरही पुरावा जेथवर नेईल तेथवरच जावे. खात्रीने ठरविलेली प्रजाती (जीनस) ही अंदाजाने ठोकून दिलेल्या जातीपेक्षा (स्पीशीज) शास्त्राच्या दृष्टीने अधिक मोलाची असते.

मराठवाड्याच्या बाबतीत या सावधगिरीस आणखी एक कारण आहे. बटलर आणि बिस्बी यांची भारतातील कवकांची सूची १९३१ साली निघाली. उप्पल, पटेल आणि कामत यांनी मुंबई इलाख्यातील कवकांची यादी १९३५ साली प्रसिद्ध केली. परंतु चारठाणा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि हा सारा प्रदेश मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील गवतांस जो जुना आधार मिळतो तो येथील गवतांस तितकासा मिळत नाही. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेथील प्राध्यापक श्री. त्र्यं. टिळक यांनी वातावरणातील बीजाणूंचा आणि ॲस्कोमायसिटीज, म्हणजे पिशव्यांत बीजाणू धरणाऱ्या, वर्गातील कवकांचा अभ्यास जोमाने चालविला, आणि राव यांच्या सहकार्याने भारतीय कवकांच्या सूचीची एक पुरवणी १९६८ साली सिद्ध केली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले. तेथे पिकांवरील रोगकारक कवकांकडे लक्ष अधिक जावे हे स्वाभाविकच होते. बांधावरच्या कुंद्याची मेलेली काडी कोणाच्याही उत्पन्नात भर घालीत नाही. परंतु तिच्याच अंगावर अद्याप पुष्कळ पाहण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष संग्रहाकडे वळू. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचा दवाचा काळ, म्हणजे भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस, या कामास सर्वांत अनुकूल; कारण गतवर्षीची काडी तोवर पुरेशी कुजून ओलसर झालेली असते आणि तिच्यावरील कवके बीजाणू धरण्याच्या अवस्थेत असतात. उन्हाळ्यातही संग्रह करता येतो, आणि कठीण आवरणाच्या कवकांसाठी तो काळ वाईटही नाही. मात्र तेव्हा आणलेली काडी घरी ओल देऊन जागवावी लागते. काडी उभी होती की आडवी पडली होती, जमिनीपासून किती उंचीवरचा तुकडा घेतला, तो पेराचा की दोन पेरांमधील कांड्याचा, कवक काडीच्या सालीवर आहे की तिला वेढणाऱ्या पानाच्या आवरणावर, हे तेथल्या तेथे लिहून घ्यावे. उभ्या धाटाच्या वरच्या भागावर ऊन, वारा आणि कोरड सोसणारी कवके राहतात. जमिनीलगतच्या दोन-चार बोटे भागात निराळीच मंडळी असतात. आणि आडव्या पडलेल्या काडीच्या मातीकडील बाजूस त्याहून निराळी. ही नोंद नसेल तर तीन वस्त्यांची सरमिसळ होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गवताची ओळख. मेलेल्या काडीवरून गवत ओळखणे दुर्घट असते, म्हणून त्याच ठोंबाची तुरा असलेली जिवंत काडी शेजारीच शोधून ती नमुन्याबरोबर ठेवावी; ती न मिळाल्यास गावातील जाणत्या माणसास विचारून स्थानिक नाव लिहावे आणि पुढील हंगामात त्याच जागी जाऊन तुरा आणावा. ही खटपट वाजवीपेक्षा अधिक वाटण्याचा संभव आहे, म्हणून तिचे कारण एका उदाहरणाने सांगतो. ज्वारीच्या आणि मक्याच्या धाटांवर कोलेटोट्रिकम या प्रजातीची कवके वाढतात. भिंगातून पाहिले असता काळ्या, ताठ, टोकदार केसांचे लहान लहान पुंजके दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्यासारखे वाकलेले, रंगहीन, एकपेशी बीजाणू दिसतात. जुन्या ग्रंथांत दोन्ही धान्यांवरील या कवकास एकच नाव, कोलेटोट्रिकम ग्रॅमिनिकोला, दिलेले आढळेल. परंतु पुढे असे ठरले की मक्यावरील ते ग्रॅमिनिकोला आणि ज्वारीवरील ते सब्लिनिओला. दोन्हींचे बीजाणू इतके सारखे की केवळ त्यांवरून निवाडा करणे धोक्याचे. अशा प्रसंगी काडी ज्वारीची होती, एवढी एकच नोंद सूक्ष्मदर्शकातील दहा निरीक्षणांपेक्षा अधिक काम करून जाते.

नमुना कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कदापि नव्हे. बंद पिशवीत घाम धरून दोन दिवसांत रायझोपससारख्या झपाट्याने वाढणाऱ्या बुरशीचे पांढरे जाळे सर्वत्र पसरते आणि मूळचा ऐवज तिच्याखाली गडप होतो. पाकिटावर गाव, शिवार, गवताचे नाव, तारीख आणि संग्राहकाची सही पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओलीने पसरते. मंदिरांच्या आवारात आणि बारवेच्या पायऱ्यांवर गवत वाढलेले असले तरी तेथील काडी उपटण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी आणि जुन्या दगडास चाकू लावू नये. शिवारात नमुन्यांची कमतरता मुळीच नाही.

येथे प्रकृतीविषयीही दोन शब्द सांगणे कर्तव्य समजतो. जुना कडबा झटकताना उडणारी काळसर धूळ ही पुष्कळशी बीजाणूंचीच असते, आणि दम्याच्या माणसास ती बाधते. तेव्हा गंजीपाशी काम करताना नाकातोंडावर फडके बांधावे. गवताचे कुसळ अथवा धाटाचे पाते डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये व घरगुती औषध घालू नये. फ्युझेरियम, ॲस्परजिलस आणि कर्व्ह्युलारिया या प्रजातींची कवके अशा जखमेतून डोळ्याच्या काळ्या बुबुळावरील पारदर्शक पटलात शिरतात, आणि ती व्याधी शेतकऱ्यांत विशेष आढळते. त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

घरी आल्यावर नमुन्याची पहिली तपासणी दहापट किंवा वीसपट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून, काडी कोरडी असतानाच करावी, कारण पाणी लागताच नाजूक साखळ्या तुटतात आणि बीजाणू विखुरतात. या पायरीवर पाहावयाचे ते बीजाणू धारण करणाऱ्या अवयवाचे स्वरूप. काही कवके काडीच्या पृष्ठभागावर मोकळ्या, उभ्या, काळसर दांड्या उभारून त्यांच्या टोकांवर बीजाणू धरतात. अशांचा थर मखमली काळा किंवा करडा दिसतो, आणि आपल्या प्रदेशातील वाळक्या गवतावर बहुसंख्य तीच असतात. काहींच्या दांड्या एकत्र येऊन लहानशी उशी बनते. एपिकोकमची अशी गर्द काळी उशी आणि तिच्याभोवती काडीवर पसरलेली नारिंगी-तांबूस छटा ओळखण्यास सोपी. काहींचे पुंजके सालीखाली तयार होऊन साल फोडून वर येतात. वर सांगितलेले कोलेटोट्रिकम त्यांतले. आणि काहींची फळे सालीत रुतलेल्या गोल कुप्यांच्या स्वरूपाची असून केवळ त्यांचे मुख ठिपक्यासारखे बाहेर डोकावते.

या शेवटल्या वर्गात दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात. एक पिक्निडियम, ज्याच्या आत बीजाणू सुटे तयार होतात. आणि दुसरे पेरिथेसियम किंवा त्याच्यासारखे फळ, ज्याच्या आत लांबट पिशव्या असून प्रत्येक पिशवीत सामान्यतः आठ बीजाणू असतात. पहिले अलैंगिक, दुसरे लैंगिक प्रजननाचे. बाहेरून निवाडा होत नाही. सुईच्या टोकाने एक फळ उचलून पाण्याच्या थेंबात ठेवावे, वर काचेचे पातळ झाकण ठेवून हलकेच दाबावे आणि आतून काय बाहेर पडते ते पाहावे. फोमासारख्या कवकाच्या कुपीतून सूक्ष्म, रंगहीन बीजाणूंचा लोट वळवळत्या सुतासारखा बाहेर येतो. पिशव्या असतील तर त्यांचा झुबका पंख्यासारखा पसरतो. फळ अगदी कोवळे किंवा रिते झालेले असेल तर काहीच निष्पन्न होत नाही. अशा वेळी निष्कर्ष न काढता दुसरे फळ उघडावे.

सूक्ष्मदर्शकाखालील पहिले निरीक्षण नेहमी साध्या पाण्यातच करावे. लॅक्टोफिनॉल-कॉटन ब्लू हे रंगद्रव्य प्रयोगशाळांत सर्रास वापरतात आणि रंगहीन तंतू दाखविण्यास ते उत्तम आहे. पण त्यात बीजाणू किंचित आकसतात, त्यांचा स्वाभाविक रंग झाकला जातो आणि काहींच्या भोवती असलेले चिकट पारदर्शक आवरण दिसेनासे होते. शिवाय त्यातील फिनॉल कातडी भाजणारे आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती ते देखरेखीशिवाय देऊ नये. लॅक्टिक आम्लाने पुष्कळसे काम भागते. चिकट आवरणाचा संशय असल्यास पाण्याच्या थेंबाशेजारी काळ्या चिनी शाईचा सूक्ष्म थेंब सोडावा. काळ्या पार्श्वभूमीवर बीजाणूभोवतीचे तेजोवलय तत्काळ उठून दिसते.

मापाविषयी हयगय करू नये. नेत्रभिंगात बसविलेल्या मोजपट्टीवरील एक भाग म्हणजे किती मायक्रॉन, हे प्रत्येक वस्तुभिंगासाठी एकदा ठरवून घ्यावे लागते. त्यासाठी मिळणाऱ्या प्रमाण काचपट्टीवर एक मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. समजा, चाळीसपट वस्तुभिंगाखाली नेत्रभिंगातील २० भाग प्रमाणपट्टीवरील ५ भागांशी बरोबर जुळले, तर २० भाग म्हणजे ५० मायक्रॉन आणि एक भाग अडीच मायक्रॉन झाला. हा आकडा सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर चिकटवून ठेवावा. मग किमान वीस-तीस पक्व बीजाणूंची लांबी-रुंदी मोजून लहानात लहान, मोठ्यात मोठे व बहुधा आढळणारे माप लिहावे. एकाच देखण्या बीजाणूचे माप देणे म्हणजे काहीच न देणे होय.

आता वर्गवारीची सूत्रे. पादुआचे प्राध्यापक सॅकार्डो यांनी १८८२ पासून आपल्या महाग्रंथात कवकांची जी मांडणी केली, तीत बीजाणूच्या घडणीस प्राधान्य होते : एकपेशी, द्विपेशी, आडव्या पडद्यांनी अनेकपेशी झालेला, उभ्या-आडव्या दोन्ही पडद्यांनी विटांच्या बांधकामासारखा विभागलेला, सुतासारखा, मळसूत्री, आणि ताऱ्यासारखा फाटे फुटलेला, यांत पुन्हा रंगहीन व काळसर असा भेद. ही मांडणी कवकांची खरी नाती दाखवीत नाही हे आता सर्वमान्य आहे, आणि तरीही पहिल्या चाळणीसाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी मांडणी मला ठाऊक नाही. पुढे १९५३ साली कॅनडातील ह्यूज यांनी लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीकडे : बीजाणू दिसतो कसा यापेक्षा तो जन्मतो कसा हे अधिक मूलभूत. दांडीच्या टोकास सूक्ष्म छिद्र पडून त्यातून तो बाहेर फुगतो काय, कुपीसारख्या पेशीच्या मुखातून एकामागून एक बाहेर ढकलला जातो काय, की तंतूचेच तुकडे पडून बीजाणू होतात? हे पाहण्यास शंभरपट तैलभिंग आणि सवयीचा डोळा लागतो. पण ही सवय एकदा जडली की पुष्कळ संभ्रम आपोआप मिटतात. भारतात मद्रासचे प्राध्यापक सुब्रमणियन यांनी याच दृष्टीने हायफोमायसिटीजचा, म्हणजे मोकळ्या दांड्यांवर बीजाणू धरणाऱ्या कवकांचा, अभ्यास केला, आणि त्यांचा हायफोमायसिटीजवरील १९७१ चा ग्रंथ आजही जवळ असावा असा आहे. त्याच वर्षी इंग्लंडात निघालेला एलिस यांचा काळसर हायफोमायसिटीजवरील ग्रंथ त्याच्या शेजारी ठेवला, की गवतावरील निम्म्याहून अधिक कामाची बेगमी झाली.

या सूत्रांचा उपयोग कर्व्ह्युलारियाच्या उदाहरणाने दाखवितो, कारण चारठाण्याच्या शिवारात वाळक्या काडीवर पहिल्याच दिवशी भेट व्हावी असे हे कवक आहे. भिंगाखाली काळसर, विरळ मखमल. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, ताठ दांडी, वरच्या भागात नागमोडी वळणे घेतलेली, आणि प्रत्येक वळणावर एक बारीक काळा वण. त्याच जागी छिद्रातून बीजाणू जन्मून गळून पडला आहे. बीजाणू तीन आडव्या पडद्यांनी चार पेशींत विभागलेला; बुडापासून तिसरी पेशी इतरांहून मोठी व गडद, आणि तिच्यामुळेच सबंध बीजाणू एका कुशीला वाकलेला; दोन्ही टोकांच्या पेशी फिकट. माप साधारणतः २० ते ३२ मायक्रॉन लांब व ९ ते १५ मायक्रॉन रुंद असेल, तर कर्व्ह्युलारिया लुनाटाचा विचार सयुक्तिक ठरतो. पण पडदे तीनऐवजी चार भरले, किंवा बुडाशी बीजाणू जेथून तुटला तेथे ठळक उंचवटा दिसला, तर लुनाटा हे नाव मागे घ्यावे. बीजाणू बराच लांब, अनेकपेशी आणि त्यातील पेशी एका सामाईक बाह्यभित्तीच्या आत निरनिराळ्या कप्प्यांत असल्यासारख्या दिसत असतील तर तो बायपोलारिस. आणि त्यातच बुडाचा वण कोंबासारखा पुढे आलेला असेल तर एक्झेरोहायलम. ज्वारीच्या पानांवर करपा पाडणारे कवक या शेवटल्या प्रजातीचे आहे, आणि पाने वाळल्यावरही त्याचे बीजाणू तेथे सापडतात. कर्व्ह्युलारिया ही प्रजाती बोएडाइन यांनी १९३३ साली स्थापिली, बायपोलारिस १९५९ साली आणि एक्झेरोहायलम १९७४ साली वेगळी झाली. त्यामुळे जुन्या अहवालांत या साऱ्यांची भेट हेल्मिंथोस्पोरियम या एकाच नावाखाली होईल, हे लक्षात असू द्यावे.

बाकीच्या नेहमीच्या मंडळींस थोडक्यात आटोपतो. बीजाणू उभ्या-आडव्या पडद्यांचा, टोकास चोचीसारखा निमुळता आणि साखळीत असेल तर अल्टरनेरिया. लहान, फिकट ऑलिव्हरंगी, फाटे फुटलेल्या साखळ्यांत असेल तर क्लॅडोस्पोरियम. गोल, तकतकीत काळा, एकपेशी, आणि फुगीर रंगहीन पेशीवर एकटाच बसविलेला असेल तर नायग्रोस्पोरा. दांडीच्या माथ्यावर गोल, काटेरी बीजाणूंचे डोके असेल तर पेरिकोनिया. दोन बाजूंनी चपटा, कडेने फिकट रेघ असलेला काळा बीजाणू असेल तर आर्थ्रिनियम, ज्यास आता ॲपिओस्पोरा म्हणण्याचा प्रघात आहे.

एकाच्या बाबतीत मात्र थांबल्याशिवाय राहवत नाही. जमिनीलगतच्या, ओलसर, करड्या पडलेल्या गवताच्या बुडख्यावर टेट्राप्लोआ ॲरिस्टाटा मिळते. बर्कली आणि ब्रूम यांनी १८५० साली तिला नाव दिले. तिचा बीजाणू चार उभ्या स्तंभांचा बनलेला असतो, प्रत्येक स्तंभ तीन-चार पेशींचा, पृष्ठ बारीक खडबडीत, रंग तपकिरी, आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यातून पडद्यांनी विभागलेले एक लांब, ताठ कुसळ बाहेर निघालेले. चारही कुसळे एकाच वेळी दृष्टीच्या पातळीत येत नाहीत. बारीक फिरकी हळूहळू फिरवीत एकेक पाहावे लागते, आणि ती सारी हाती आल्यावर दुसऱ्या कशाशी तिची गल्लत होणे शक्य नाही. नवशिक्याने कुसळीच्या बुडख्यात तिचा शोध अवश्य घ्यावा.

ज्या कवकावर बीजाणू सहसा आढळत नाहीत त्याची ओळख कशी करावयाची, हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे, कारण खडखड्या हा रब्बी ज्वारीचा रोग अशाच कवकापासून होतो. फुलोऱ्यानंतर जमिनीतील ओल हटली आणि उष्मा वाढला की धाटे बुडाशी पिचून कोलमडतात. असे वाळलेले धाट बुडख्याशी उभे चिरावे. आतील भेंड नाहीसे झालेले असते, शिरांचे धागे सुटे सुटे लोंबत असतात, आणि त्या धाग्यांवर कोळशाची भुकटी शिंपडल्यासारखे बारीक काळे कण चिकटलेले असतात. हे कण म्हणजे मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या कवकाचे स्क्लेरोशियम, साधारण ५० ते १५० मायक्रॉनचे, काळ्या पेशींचे घट्ट गोळे; जमिनीत टिकाव धरून ते पुढील हंगामाची वाट पाहतात. येथे सॅकार्डोची बीजाणूसूत्रे निरुपयोगी. धाट कोणते, कण कोठे, केवढे आणि कसे, एवढ्यावरच निवाडा करावयाचा. हेच कवक जुन्या कागदपत्रांत रायझोक्टोनिया बटाटिकोला या नावाने नोंदलेले आहे, म्हणून दोन नावे पाहून दोन रोग समजू नयेत. शेतकऱ्यास या तपासणीचा प्रत्यक्ष लाभ असा की, धाटे वाऱ्याने पडली, किडीने पोखरली की खडखड्याने मोडली, याचा उलगडा चाकूच्या एका चिरेने होतो.

पिशव्या असलेल्या कवकांची ओळख अधिक कष्टाची, आणि ती घाईने होत नाही. पिशवीची भिंत एकेरी आहे की दुहेरी, हा पहिला प्रश्न. दुहेरी भिंतीच्या पिशवीस पाण्यात बराच वेळ राहू दिले की बाहेरील ताठ भिंत माथ्याशी फाटते आणि आतील लवचीक भिंत लांब होऊन बाहेर येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कायमचे ध्यानात राहते. एकेरी भिंतीच्या पिशवीच्या टोकास पुष्कळदा एक सूक्ष्म कडे असते, ते आयोडीनयुक्त द्रावणात निळे होते की नाही ते पाहावे. मग बीजाणूचे पडदे, रंग, आवरण आणि माप. गवतावरील पुष्कळ दुहेरी भिंतींची कवके पूर्वी लेप्टोस्फेरिया या नावाखाली घालीत. त्यांतील बरीचशी आता फेओस्फेरिया व तिच्या आप्तप्रजातींत गेली आहेत. म्हणून जुन्या ग्रंथावरून आलेले नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या नोंदणीसूचींत पडताळून घ्यावे.

आयोडीनचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देतो. काडीच्या सालीच्या सूक्ष्म पापुद्र्यात कवकाशिवायही पुष्कळ काही असते. गवताच्या त्वचेत सिलिकाचे, मुद्गलाच्या आकाराचे पारदर्शक कण ओळीने बसलेले असतात. त्यांना द्विपेशी बीजाणू समजण्याची चूक सर्रास होते. ते सारखे एकाच दिशेने व एकाच अंतरावर असतात, बीजाणू तसे नसतात. पिष्टकण आयोडीनने निळे-जांभळे होतात. वाऱ्याने आलेले परागकण आणि परक्या झाडावरचे बीजाणूही काडीवर बसतात. तेव्हा जो बीजाणू आपल्या दांडीवर अथवा आपल्या फळात धरलेला दिसला नाही, त्याची नोंद केवळ ‘सुटा बीजाणू’ म्हणून करावी. मेलेल्या काडीवर तांबेऱ्याचे काळे पुंजकेही दिसतील. त्यातील देठाचा, जाड भिंतीचा, द्विपेशी बीजाणू हा काडी जिवंत असतानाच्या रोगाचा अवशेष होय, मृत काडीवर जगणाऱ्या कवकाचा नव्हे.

वाळक्या काडीवर काहीच आढळले नाही तर ती ओलकोठीत ठेवावी. काचेच्या पेट्री बशीत टीपकागदाचे दोन-तीन थर, त्यांवर उकळून थंड केलेले पाणी, वर काडीचे तुकडे, आणि झाकण. बशी खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत म्यूकर, रायझोपस यांसारखी झपाट्याची कवके येतात, नंतरच्या आठ-दहा दिवसांत काळसर दांड्यांची, आणि पिशव्या असलेली कित्येक तीन-चार आठवड्यांनी. बशी रोज पाहावी, आणि जे शिवारात पाहिले ते व जे बशीत उगवले ते, या दोहोंची खाती अगदी निरनिराळी ठेवावीत. बशीत उगवलेले कवक काडीवर केवळ सुप्त बीजाणूच्या रूपाने आलेले असू शकते. ते तेथे नांदत होते असे विधान त्यावरून करता येत नाही.

नामकरणाच्या नियमांविषयी एवढेच की, पूर्वी एकाच कवकाच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांस दोन स्वतंत्र नावे देण्याची मुभा होती; मेलबर्न येथे २०११ साली भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ती रद्द केली, आणि २०१३ पासून एक कवक, एक नाव असा नियम अमलात आला. नवीन जाती प्रसिद्ध करताना तिची मान्य नोंदणीसंस्थेकडे नोंद करून क्रमांक घेणेही तेव्हापासूनच सक्तीचे आहे. अलीकडे डी.एन.ए.च्या आयटीएस या भागावरून ओळख करण्याचा प्रघात पडला असून २०१२ मध्ये त्यास कवकांची सर्वसामान्य ओळखखूण म्हणून मान्यता मिळाली. पण कर्व्ह्युलारिया, कोलेटोट्रिकम यांसारख्या प्रजातींत जाती निश्चित करण्यास तो एकटा पुरत नाही, आणखी जनुके तपासावी लागतात. आणि काडीच्या तुकड्यातून सरसकट डी.एन.ए. काढला तर तो काडीत दडलेल्या दुसऱ्याच कवकाचा निघण्याचा धोका राहतो. म्हणून एकाच बीजाणूपासून शुद्ध वाढ करून घेणे आणि तिच्यावर पुन्हा तेच बीजाणू येतात की नाही हे पाहणे, ही जुनी पद्धत आजही आवश्यक ठरते.

पडताळणीसाठी पुणे हे आपल्या प्रांतातील मुख्य ठिकाण आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संस्थेस १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था हे नाव आहे. तेथे कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाने कवकांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आणि राष्ट्रीय पातळीवरील जिवंत कवकसंवर्धांचा संग्रह अशा दोन्ही व्यवस्था आहेत. चारठाण्यासारख्या गावात केलेले निरीक्षण कायम व्हावे अशी इच्छा असल्यास नमुन्याचा अर्धा भाग अशा संग्रहात जमा करावा आणि मिळालेला क्रमांक आपल्या वहीत लिहावा. परदेशात नमुना पाठविण्यापूर्वी मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते की काय, याची चौकशी अगोदरच करावी.

पाठवावयाचा नमुना उन्हात न तापविता सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळवावा. ओल राहिली तर टपालातच त्यावर दुसरी बुरशी चढते. किडींचा बंदोबस्त म्हणून पाकिटे आठवडाभर शीतपेटीच्या बर्फकप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णमानास येईतो गुंडाळी उघडू नये, म्हणजे कागदावर दव धरत नाही. काडीवर कवक नेमके जेथे आहे तेथे पेन्सिलीने बाण काढावा, सूक्ष्मदर्शकातील चित्र स्वतःच्या हाताने, मापाची रेघ देऊन काढावे, आणि छायाचित्र असल्यास ते त्यासोबत जोडावे, चित्राऐवजी नव्हे; छायाचित्रात दृष्टीची एकच पातळी उमटते, आणि टेट्राप्लोआची चारही कुसळे एका छायाचित्रात क्वचितच सापडतात. पाकिटाच्या पाठीवर ‘ज्वारी, मालदांडी, जमिनीपासून चार बोटे, उभे धसकट, पौष’ एवढे लिहिलेले असेल आणि नावाच्या जागी केवळ ‘कर्व्ह्युलारिया, जाती अनिश्चित’ असेल, तरी तो नमुना पुण्यातील तज्ज्ञ आनंदाने स्वीकारील आणि त्यावरून पुढील काम निश्चितपणे करू शकेल.